अठरा मीटरचा रस्ता आणि तीन नकाशे: तुम्ही कुठल्यावर टिक कराल?

बिनघंटीची_सायकल

मंडळी, सल्ला पाहिजे. पुण्याच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो, आमच्याकडचा डीपी (शहराच्या विकास आराखड्यातला) रस्ता नव्याने करायचं घाटतंय. रुंदी अठरा मीटर (कागदावर हो, दोन ठिकाणी कंपाउंडच्या भिंती पुढे आल्यात त्या धरल्या तर कमीच), लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास, मध्ये एक शाळा, भाजीवाले, दोन बस स्टॉप, सात-आठ गल्ल्या येऊन मिळतात आणि शेवटी सिग्नलचा चौक. सल्लागार कंपनीने तीन पर्याय काढलेत आणि हरकती-सूचना मागवल्यात. सोसायट्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर 'सायकल ट्रॅक झालाच पाहिजे' विरुद्ध 'मग गाड्या काय डोक्यावर ठेवायच्या' एवढंच चालू आहे, म्हणून इथे टाकतोय.

पर्याय १: दोन्ही बाजूंना १.८ मीटर फुटपाथ, त्याला लागून त्याच उंचीवर २ मीटर सायकल ट्रॅक, मध्ये १०.४ मीटर गाड्यांना. पार्किंग नाही.

पर्याय २: फुटपाथ २ मीटर, मग २ मीटर पार्किंग, मग दीड मीटरची रंगवलेली सायकल लेन, मग साडेतीनच्या दोन लेन.

पर्याय ३: फुटपाथ सव्वातीन मीटर, त्याच्याबाहेर सव्वादोन मीटरची पट्टी जिच्यात झाडं, खांब, बस स्टॉप, थोडं पार्किंग सगळं बसवायचं, आणि गाड्यांना फक्त ७ मीटर. सायकलला वेगळी जागाच नाही, सायकलवाल्याने गाड्यांमधूनच जायचं पण रस्ता ३० च्या वेगाचा करायचा.

बेरीज करून बघा, तिन्ही अठरालाच येतात. मी स्वतः रोज सायकलवर असतो आणि तरी माझं मत तिसऱ्याला आहे, यावर ग्रुपमधले सायकलवाले माझ्यावर खवळलेत. माझं म्हणणं एवढंच की तिन्ही नकाशे सरळ रस्ता मधोमध कापून दाखवलेले आहेत. गल्ली जिथे मिळते तिथे काय होणार, बस थांबते तिथे काय होणार, चौकात काय होणार, एकाही नकाशात नाही. आणि माणूस मरतो तो तिथेच, दोन चौकांच्या मधल्या सुंदर चित्रात कोणी मरत नाही. मग पर्याय निवडायचा कशावरून?

मुळामुठा

पर्याय १ पुण्याने करून बघितलाय की. २००६ च्या डिसेंबरात सातारा रोड आणि हडपसरला बीआरटी (बससाठी वेगळी लेन) सुरू झाली तेव्हा जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर योजनेच्या पैशात बाजूने सायकल ट्रॅक पण केले होते. कात्रजकडे जाताना आजही तुकडे दिसतात. ट्रॅक सुरू होतो, मध्येच विजेचा डीपी बॉक्स, मग झाड, मग बस स्टॉपच्या मागे गायब, मग एखाद्या हॉटेलच्या समोर टू-व्हीलरची रांग, मग परत उगवतो. सायकलवाला दर शंभर मीटरला खाली उतरणार आणि वर चढणार असेल तर तो ट्रॅक वापरणारच नाही, सरळ डांबरावरून जाणार. मग लोक म्हणणार बघा ट्रॅक करून दिला तरी हे वापरत नाहीत.

२०१७ च्या डिसेंबरात पुण्याचा सायकल आराखडा मंजूर झाला त्यात आठशेहून जास्त किलोमीटरचं जाळं दाखवलं होतं. कागदावर काही कमी नाही आपल्याकडे.

हेल्मेट_बिल्मेट

काहीही डिझाईन करा, लोकांना शिस्त नाही. फुटपाथ केला तर त्यावर बुलेट घालतील. विषय संपला.

बिनघंटीची_सायकल

@हेल्मेट_बिल्मेट हे वाक्य प्रत्येक धाग्यावर येतंच. तीच माणसं एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये किंवा कॅन्टोन्मेंटच्या रस्त्यावर नीट चालवतात की. जागा बदलली की वागणं थोडं तरी बदलतं, तेवढं 'थोडं' मिळालं तरी मला पुरे.

शटर_अर्धं_वर

दुकानदाराची बाजू पण ऐका. माझं या असल्याच एका रस्त्यावर दुकान आहे (हार्डवेअर). औंधात स्मार्ट सिटीने डीपी रोड, आयटीआय रोडचे फुटपाथ रुंद केले तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनी आणि रहिवाशांनी किती आरडाओरडा केला आठवतंय का. सगळं पार्किंग काढून टाकलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं ही भीती खोटी नाहीये. आणि गिऱ्हाईक सोडा, माल उतरवायचा कुठे? सकाळी टेम्पो येतो, पाईप असतात, सिमेंट असतं. पर्याय १ मध्ये त्याला जागाच दाखवलेली नाही, म्हणजे तो टेम्पो सायकल ट्रॅकवर चढणार हे मी आत्ताच लिहून देतो. उद्या फोटो काढून मला शिव्या घालू नका मग.

सिव्हिलवाला_निवृत्त

शटरभाऊंनी पर्याय १ चा निकाल लावलाच आहे. ज्या गोष्टीला नकाशात जागा नाही ती गोष्ट रस्त्यावरून नाहीशी होत नाही, ती जिथे अडवणारं कोणी नाही तिथे जाऊन बसते. आपल्याकडे ती जागा म्हणजे सायकल ट्रॅक.

आता जरा सविस्तर लिहितो, नोकरीत रस्त्यांचीच कामं केली आहेत.

पहिलं लेनची रुंदी. साडेतीन मीटरची लेन म्हटली की आपल्या लोकांना समाधान वाटतं. बसची रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर असते. तीन-साडेतीन मीटरच्या दोन लेनमध्ये दोन बस एकमेकींना आरामात पास होतात. शहराच्या आतल्या रस्त्यावर याच्यावर जी रुंदी देता ती वेगासाठी देता. आणि पर्याय १ मधले १०.४ मीटर तर सर्वात वाईट, कारण ते धड दोन लेनही नाहीत आणि धड चारही नाहीत. दोन लेनचे पट्टे मारा, लोक तीन किंवा चार रांगा करणार, ओव्हरटेकसाठी समोरच्याच्या जागेत घुसणार. रस्ता ओलांडणाऱ्याला दहा मीटर एका दमात पार करायचे आणि मध्ये उभं राहायला काही नाही.

दुसरं वेग. डब्ल्यूएचओचा आकडा आहे की गाडीने समोरून धडक दिली आणि वेग ५० ऐवजी ६५ असेल तर पादचारी मरण्याची शक्यता साडेचार पट होते. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण ४ टक्के वाढतो. म्हणून पर्याय तपासताना माझा पहिला प्रश्न असतो की रात्री अकरा वाजता, रस्ता मोकळा असताना, यावर पोरगा बाईक किती पळवू शकेल? दिवसा ट्रॅफिकच वेग कमी ठेवतो, डिझाईनची परीक्षा रात्री.

तिसरं, धागाकर्ते म्हणतात ते गल्लीचं तोंड. आपल्याकडे गल्ली मुख्य रस्त्याला मिळते तिथे कोपरा भलामोठा गोल करायची खोड आहे, दहा-बारा मीटरची त्रिज्या, कारण म्हणे फायर ब्रिगेडची गाडी वळली पाहिजे. वर्षातून एकदा येणाऱ्या बंबासाठी रोजच्या हजार गाड्यांना न थांबता वळायची सोय करून देतो आपण. कोपरा चार-पाच मीटरच्या त्रिज्येवर आणा, डावीकडे वळणारी गाडी आपोआप पंधरा-वीसवर येते, पादचाऱ्याचं ओलांडायचं अंतर पण निम्मं होतं. बंब समोरच्या लेनमध्ये थोडा जाऊन वळतो, तातडीच्या गाडीला तेवढी मुभा असतेच.

आणि फुटपाथ गल्लीपाशी खाली उतरवू नका. फुटपाथ आहे त्याच उंचीवर सरळ पुढे न्या, गाडीने वर चढायचं आणि उतरायचं. खर्च फार वाढत नाही. पावसाचं पाणी अडेल ही हरकत येते तेव्हा चढाच्या आधी जाळी टाका, विषय मिटतो. हरकतीत एकच वाक्य लिहायचं असेल तर हे लिहा.

वॉकिंग_स्टिक_६८

सिव्हिलवाले काका (का दादा? वय माहीत नाही), शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात छापून लावा.

मला गुडघ्याचा त्रास आहे, काठी घेऊन चालते. आमच्या इथे फुटपाथ 'छान' झालाय, ग्रॅनाईटच्या कडा वगैरे. पण दर सोसायटीच्या गेटपाशी तो उतरतो आणि परत चढतो. गेट संपलं की चार पावलं सपाट, की पुढचं गेट. उतार पण असा की काठी पुढे टेकली तर घसरते, बाजूला टेकली तर तोल जातो. शेवटी मी रस्त्याच्या कडेने चालते, मागून रिक्षावाला हॉर्न मारतो आणि म्हणतो आज्जी फुटपाथ आहे ना. त्याला काय सांगू.

कडेची उंची किती असावी याला पण नियम आहे असं मुलाने सांगितलं, आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवते ती) १०३ नंबरमध्ये, १५० मिलिमीटरच्या वर नको. आमच्याकडे एका ठिकाणी माझ्या नडगीपर्यंत येते. दर वेळी रस्त्यावर नवा थर टाकतात तेव्हा ती खाली जाते आणि मग फुटपाथवाले परत वर उचलतात, अशी त्यांची चढाओढ चालू असते.

आणि ते बोलार्ड! दोन खांबांमधून माझी काठी जाते, शेजारच्या मावशींची व्हीलचेअर जात नाही, आणि अॅक्टिव्हा मात्र जाते. हे कसं काय जमवतात बुवा.

सिव्हिलवाला_निवृत्त

@वॉकिंग_स्टिक_६८ आज्जी, काका चालेल.

बोलार्डचं कोडं खरंच अवघड आहे. व्हीलचेअरला ९० सेंटिमीटर तरी मोकळे पाहिजेत, स्कूटरचं हँडल त्याहून अरुंद असतं. म्हणजे व्हीलचेअर जाईल अशा कुठल्याही फटीतून स्कूटर जाणारच. बोलार्ड चारचाकी अडवायला असतात, त्यांच्याकडून टू-व्हीलर अडवायची अपेक्षा ठेवली की ते इतके जवळ लावतात की अपंग माणूसच अडतो. टू-व्हीलर फुटपाथवर का चढते ते बघा, बहुतेक वेळा पुढच्या यू-टर्नला फार लांब जावं लागतं म्हणून राँग साईडने येते. दुभाजकातली फट बंद करताना पुढची सोय कुठे आहे याचा विचार केला नाही की फुटपाथ ही त्यांची सर्व्हिस लेन होते. धाग्यातल्या रस्त्याला दुभाजक नाही ते एक बरं आहे.

रात्रपाळी

मी भोसरीच्या कंपनीत सायकलवर जातो. शौक म्हणून नाही, पेट्रोल परवडत नाही आणि शिफ्ट सुटते तेव्हा बस नसते. आमच्यासारखे पुष्कळ आहेत, दूधवाले, पेपरवाले, सोसायट्यांचे वॉचमन, पोळ्या करायला जाणाऱ्या ताया. ते असल्या चर्चेत येत नाहीत म्हणून लिहितोय.

तुमचा पर्याय ३ मला पटत नाही. ३० चा रस्ता म्हणताय, पण बोर्ड लावून कोण ३० ने जातं? रात्री डंपर मागून आला की हॉर्न सुद्धा मारत नाही, वाऱ्याने सायकल हलते. मला वेगळी जागा पाहिजे. रंगवलेली नको, तिच्यात टू-व्हीलर घुसतात आणि बाजूच्या पार्क केलेल्या गाडीचं दार अंगावर उघडतं, तसा एकदा पडलोय मी. मध्ये काहीतरी कठीण पाहिजे.

बिनघंटीची_सायकल

@रात्रपाळी बरं झालं लिहिलंत. तुमचा मुद्दा डंपर जिथून जातात त्या रस्त्यांना शंभर टक्के लागू आहे. जिथे गाड्या ५०-६० ने जाणारच आहेत आणि अवजड वाहनं आहेत तिथे सायकल वेगळीच पाहिजे, आणि मध्ये खरा कठडा पाहिजे, यावर माझा वाद नाही. २४-३० मीटरचा रस्ता असता तर मी पण तेच मागितलं असतं.

पण आमचा अठराचा आहे आणि त्यावर अवजड वाहनं मुळात यायलाच नकोत. आणि पर्याय ३ मधला ३० म्हणजे बोर्ड नाही. दर ८०-१०० मीटरला एक उंच क्रॉसिंग, म्हणजे झेब्राच फुटपाथच्या उंचीला उचललेला, वर सपाट, दोन्ही बाजूंना चढ. पोरगा बाईक पळवायला बघेल तोवर पुढचं आलेलं असेल. नकाशात मात्र अख्ख्या रस्त्याला दोनच दाखवलीत, तीच माझी हरकत आहे.

पर्याय २ बद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. तो स्वस्त आहे म्हणून तोच होईल अशी धास्ती वाटते.

मुळामुठा

उंच क्रॉसिंग चालेल पण कृपा करून ते गल्लीतल्या पोरांनी रात्रीतून टाकलेल्या स्पीडब्रेकरसारखं नको. सायकलच्या रिमची वाट लागते, पाठीची लागते ते वेगळंच.

सिव्हिलवाला_निवृत्त

गतिरोधकाचं पण माप ठरलेलं आहे, आयआरसी ९९: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, वरून १७ मीटर त्रिज्येची गोलाई, त्यावरून ताशी २५ ने गाडी गेली तर कंबर शाबूत राहते. आपल्याकडे असतो तो अर्धा मीटर रुंद आणि वीत-वीतभर उंच, त्यावर गाडी जवळजवळ थांबते आणि पुढे जाऊन लोक तो राग काढतात. तीन-चार मीटर सपाट माथा असलेलं क्रॉसिंग दोन्हीसाठी बरं, माणूस सपाटावरून चालतो आणि ड्रायव्हरला समोर माणूस उंचावर दिसतो.

उत्रेख्तकर

मूळचा सांगलीचा, नेदरलँड्समध्ये असतो. 'तुमच्याकडे काय, तिथे लोकच तसे आहेत' हे ऐकून कंटाळा आलाय म्हणून लिहितो. हे लोक तसे नव्हते. १९७१ साली या चिमुकल्या देशात रस्त्यावर तीन हजारांवर माणसं मेली, त्यात चारशेच्या वर लहान मुलं. मग आईबाप रस्त्यावर उतरले, 'पोरांचे खून थांबवा' अशा नावाची चळवळच उभी राहिली, पाठोपाठ १९७३ चं तेलाचं संकट आलं आणि मग कुठे सरकार हललं. म्हणजे भांडूनच मिळवलंय यांनी.

दुसरं, इथे प्रत्येक रस्त्यावर सायकल ट्रॅक असतो हा गैरसमज आहे. घराजवळच्या बारक्या रस्त्यांवर काही वेगळं नसतं, गाड्या हळू असतात आणि सगळे एकत्र चालतात. वेगळा ट्रॅक मोठ्या रस्त्यावर. अॅमस्टरडॅमने डिसेंबर २०२३ पासून शहरातल्या बहुतेक रस्त्यांची मर्यादा ५० वरून ३० केली. त्यामुळे धागाकर्त्याचा पर्याय ३ मला इथल्यासारखाच वाटतो, सायकलविरोधी वगैरे नाही.

चौकाचं म्हणाल तर इथे ट्रॅक चौकात संपत नाही. कोपऱ्यावर एक छोटं बेट असतं, वळणारी गाडी त्याला वळसा घालून येते आणि सायकलवाल्याच्या जवळजवळ काटकोनात, समोर येऊन थांबते, त्यामुळे ड्रायव्हरला मान मागे वळवून बघावं लागत नाही. भारतात डावीकडून चालवतात म्हणून चित्र आरशातून बघायचं, बाकी भूमिती तीच. आणि फ्री लेफ्ट (सिग्नल लाल असताना वळायची मुभा) हा प्रकार इथे सायकलला मिळतो, कारला नाही!

ट्रॅकचा पृष्ठभाग डांबरी ठेवतात, लाल रंगाचा. पुण्यात पेव्हर ब्लॉक का घालतात कळत नाही.

शटर_अर्धं_वर

ब्लॉक का घालतात ते तुम्हाला तिकडून कळणार नाही, इथे सगळ्यांना माहितीये :))

हेल्मेट_बिल्मेट

उगाच कोणावर घसरू नका. ब्लॉक काढून केबल टाकता येते आणि परत लावता येतो, डांबर फोडावं लागतं. परत लावताना तो वरखाली होतो ही गोष्ट वेगळी.

गोदाकाठ

नाशिककर. आमच्याकडे त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड झाला, बरोबर तुमच्या पर्याय १ सारखा फुटपाथ, सायकल ट्रॅक वगैरे. काम इतकं रेंगाळलं की त्यावरचे विनोद अजून संपले नाहीत. आता ट्रॅकवर जाऊन बघा, सायकल सोडून सगळं दिसेल. कारण सोपं आहे, एवढासा तुकडा कुठून आला आणि कुठे गेला? सायकलवाला त्र्यंबक नाक्यावर उगवून अशोक स्तंभापाशी मावळत नाही ना. घरापासून शाळेपर्यंत जोडलं जात असेल तर चालेल, नुसता एक रस्ता सजवून काय होतं.

म्हणून आधी हे विचारा की तुमच्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना पुढे काय आहे.

बिनघंटीची_सायकल

@गोदाकाठ एका टोकाला मोठा रस्ता, तिथे काहीच नाही. दुसऱ्या टोकाला नदीकाठची गल्ली, ती तशीही शांत आहे. म्हणजे वेगळा ट्रॅक केला तरी तो दोन्हीकडे हवेतच सुटतो. मुद्दा हरकतीत टाकतो.

लोकल_फास्ट

मुंबईकडून थोडी भर. पादचारी सुरक्षा म्हटली की कोणीतरी पादचारी पूल सुचवणार, तुमच्याकडे अजून सुचवला नसेल तर येईलच. आमच्याकडे २००८ साली वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला, मग मुंबई महानगरात तीसच्या वर झाले. स्टेशनात गाडीतून उतरलेली गर्दी थेट वरून बाहेर काढायला काही ठीक चालतात, पण समोरच्या फुटपाथवर जायला दोन मजले चढून उतरायचे हे कोण करणार? आज्जींचे गुडघे तरी करणार नाहीत. रस्ता गाड्यांसाठी मोकळा करायचा म्हणून चालणाऱ्याला वर पाठवायचं, आणि नाव सुरक्षेचं. आणि बीकेसीतला (वांद्रे-कुर्ला संकुल) सायकल ट्रॅक तर काढून ती जागा गाड्यांना द्यायचा निर्णय झाला २०२५ मध्ये. वापर नाही हे कारण. स्टेशनपासून बीकेसीपर्यंत सायकलवर सुखरूप पोचता येत होतं का हे कोणी विचारलं नाही.

चांगलं पण सांगते. मालाडची मिठचौकी, नागपाडा अशा चौकांत पक्कं बांधकाम करायच्या आधी शंकू, बॅरिकेड, रंग टाकून चौकाचा नवा आकार करून बघितला होता. लोक कसे चालतात, गाड्या कशा वळतात ते दिसतं, चुकलं तर शंकू सरकवायचा. हे तुमच्याकडे मागता येईल. पुण्यात तर लक्ष्मी रोडवर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, एक दिवस गाड्या बंद. मग एका शाळेसमोर आठवडाभर शंकू ठेवायला काय हरकत आहे.

वॉकिंग_स्टिक_६८

शेवटच्या सिग्नलबद्दल कोणीच बोललं नाही. चालणाऱ्यांचा हिरवा माणूस लागतो आणि मी मध्यावर पोचेपर्यंत पळायला लागतो. त्या चित्रातल्या माणसाला बघून मला घाई होते.

सिव्हिलवाला_निवृत्त

आज्जी, त्याचा हिशोब असा. सिग्नलची वेळ काढताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं सर्रास धरतात. चोवीस मीटरचा चौक असेल तर वीस सेकंद. काठी घेऊन चालणारा माणूस ०.८ ने चालतो, त्याला तीस लागतात. ते दहा सेकंद म्हणजे तुम्ही आणि सुटलेल्या गाड्या समोरासमोर. इलाज दोन, एक तर ०.८ धरून वेळ लावा, नाहीतर मध्ये दीड-दोन मीटर रुंद बेट द्या जिथे थांबून दुसरा अर्धा पुढच्या फेरीला ओलांडता येईल. बेट म्हणजे नुसता दुभाजकाचा काप नव्हे, त्यावर व्हीलचेअर आडवी उभी राहिली पाहिजे. पर्याय ३ मध्ये रस्ताच सात मीटरचा आहे, ०.८ ने सुद्धा नऊ सेकंदांत पार. मधल्या भागात सिग्नल, बेट, काहीच लागत नाही, हा त्याचा सर्वात मोठा फायदा आहे आणि तो नकाशावर लिहिलेलाच नाही.

रात्रपाळी

दर शंभर मीटरला उंच क्रॉसिंग खरंच होणार असतील आणि अवजड वाहनांना बंदी असेल तर पर्याय ३ ला माझी हरकत नाही. दोन गोष्टी लिहा पण. लाईट. झाडं खांबाच्या खाली लावतात आणि दोन वर्षांनी उजेड झाडातच अडकतो, क्रॉसिंगवर वेगळा खालचा दिवा पाहिजे. आणि कडेच्या जाळ्या, त्यांच्या फटी रस्त्याच्या दिशेने लांब असतात, सायकलचं चाक अडकतं. आडव्या बसवा म्हणावं.

शटर_अर्धं_वर

आणि माझी एक गोष्ट. त्या सव्वादोन मीटरच्या पट्टीत सकाळी सात ते दहा माल उतरवायची जागा आखून द्या, दर पन्नास-साठ मीटरला एक. बाकी वेळ तिथे भाजीवाले बसू देत. त्यांनाही २०१४ च्या कायद्याने जागा द्यायचीच आहे, मग फुटपाथवर कोंबण्यापेक्षा पट्टीत द्या. एवढं केलं तर आमच्या रस्त्यावरचे अर्धे दुकानदार तरी पर्याय ३ वर सही करतील, माझी धरून.

मुळामुठा

पट्टीत भाजीवाला बसला की त्याच्यासमोर टू-व्हीलर उभी राहणार, गिऱ्हाईक गाडीवरूनच 'कोथिंबीर कशी दिली' विचारतं. ती सात मीटरमधली एक लेन खाणार.

शटर_अर्धं_वर

@मुळामुठा खाणार. थोडी खाऊ दे. तेवढ्याने बाकीचे हळू जातील, तुम्हाला तेच पाहिजे ना?

बिनघंटीची_सायकल

हाहा, हे खरं आहे. पण बस येते त्या वेळी काय? बस अडकली की पुढचा 'रुंदीकरण करा' म्हणणार. बस स्टॉपच्या आधी-नंतर वीस मीटर कठडा घालून पट्टी पूर्ण मोकळी ठेवावी असं लिहितो, आणि स्टॉप फुटपाथ पुढे काढून लेनच्या कडेला आणायचा, म्हणजे बसला आत-बाहेर करायला नको आणि थांब्यावरच्या माणसांना रस्त्यात उतरून हात दाखवायला नको.

हरकतीचा मसुदा असा करतोय: पर्याय ३, पण सगळ्या गल्ल्यांच्या तोंडाशी फुटपाथ सलग उंच, कोपरे पाच मीटर त्रिज्येच्या आत, उंच क्रॉसिंग दर शंभर मीटरच्या आत आणि शाळेच्या गेटसमोर एक हमखास, माल उतरवायच्या जागा, आडव्या जाळ्या, क्रॉसिंगवर दिवे, अवजड वाहनांना बंदी, आणि पक्कं काम करायच्या आधी शाळेसमोर आणि चौकात शंकू लावून चाचणी. सोबत चौकांचे आणि गल्ल्यांच्या तोंडांचे मोठ्या मापाचे नकाशे द्या, तोवर कुठल्याच पर्यायाला संमती नाही.

कायद्याचं काही टाकावं का?

सिव्हिलवाला_निवृत्त

टाका. २०१६ चं पुण्याचं पादचारी धोरण आहे, त्याच वर्षीच्या रस्ता डिझाईनच्या मार्गदर्शक सूचना आहेत, दोन्हींचा उल्लेख करा, स्वतःच मंजूर केलेलं नाकारता येत नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अडथळामुक्त फुटपाथ हा कलम २१ खालच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलंय. आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८-अ आलंय, रस्त्याचं डिझाईन ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने कोणी मेलं किंवा अपंग झालं तर सल्लागार, ठेकेदार, जबाबदार यंत्रणा यांना एक लाखापर्यंत दंड. रक्कम मामुली आहे, पण त्या कलमाचा नंबर पत्रात दिसला की सल्लागार नकाशा परत एकदा उघडून बघतो, हा अनुभव आहे. देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती, हा सरकारचाच आकडा पहिल्या परिच्छेदात घाला.

पत्र दोन प्रतींत न्या आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका.

वॉकिंग_स्टिक_६८

सह्या गोळा करताना आमच्या सोसायटीकडे पण या, सकाळी बागेत आमचा बारा-पंधरा जणांचा कट्टा असतो. लिफ्ट बंद असली तर खालूनच हाक मारा.

हेल्मेट_बिल्मेट

मी पण सही करतो. काही होणार नाहीये, पण करतो. शाळा कुठली ते व्यनि (खाजगी निरोप) करा, माझी पुतणी त्याच भागात जाते बहुतेक.